आईचं ‘नगं’



आयोजकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. सैन्यात सिग्नल्समध्ये नोकरी केली, कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि दिल्लीत आर. के. पुरममध्ये राहतो. या विषयातली माझी पात्रता एकच. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला सहा वर्षं घरी सांभाळलं, आणि त्यातली निम्मी वर्षं चुकत सांभाळलं. आयोजक म्हणाले, “मग चुकाच सांगा. बरोबर काय ते सगळेच सांगतात.” तर आज चुका ऐकायची तयारी ठेवा.

आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांडलेला आहे. प्रत्येकामागे घरातली दोन-तीन माणसं धरा, म्हणजे किती घरांत रात्री दिवा चालू राहतो याची कल्पना येईल. आजाराची लक्षणं काय, औषधं कोणती, ही माहिती आता सहज मिळते. १९९२ पासून ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था या कामात आहे, तिच्या शाखा ठिकठिकाणी आहेत, दिल्लीतही आहे. त्यांच्याकडे जरूर जा. मी त्यात शिरत नाही. मला एका शब्दाबद्दल बोलायचंय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. आमच्या गावात जुनी माणसं ‘नको’ म्हणत नाहीत, ‘नगं’ म्हणतात. आई एकेक शब्द विसरत गेली. आधी वस्तूंची नावं गेली, मग नातवंडांची, मग माझं. हा एक शब्द मात्र शेवटपर्यंत टिकला. आंघोळ नगं. गोळी नगं. सुई नगं. आता ज्या माणसाला आज वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत, नवरा आहे की गेला, हे कळत नाही, त्याच्या ‘नको’चं काय करायचं? ऐकायचं, की ‘तिला काय कळतंय’ म्हणून आपलं पुढे रेटायचं? अशा माणसाला सांभाळण्यातली नीती म्हणतात ती मला तरी याच प्रश्नात सापडली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, २०१५ मध्ये गेले. त्यानंतर आई गावात दोनदा वाट चुकली, एकदा गॅस उघडा राहिला. धाकटा भाऊ साताऱ्यात, मी दिल्लीत. दोघांनी फोनवर ठरवलं आणि २०१६ मध्ये मी तिला इकडे आणलं. तिला विचारलं का? नाही. “चार दिवस हवापालटाला चल,” असं सांगून विमानात बसवलं. पहिली चूक तिथेच झाली. तेव्हा ती अजून बरीच शुद्धीत होती. विचारलं असतं तर कदाचित नगं म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही.

आर. के. पुरम म्हणजे सरकारी नोकरांसाठी वसवलेली वसाहत. सेक्टरमागून सेक्टर, सारखी घरं, सारख्या गल्ल्या. नवा माणूस धडधाकट असूनही चुकतो. शेजारी पंजाबी, तमीळ, बिहारी. आईला मराठीशिवाय दुसरी भाषा नव्हती. बडोद्यात, इंदूरला, हैदराबादेत राहणारे मराठी लोक हे ऐकत असतील, त्यांना मुद्दाम सांगतो. आईवडिलांना आपल्याकडे आणताना आपण औषधं, डॉक्टर, लिफ्ट यांचा विचार करतो. दिवसभर त्यांच्याशी त्यांच्या बोलीत कोण बोलणार, याचा करत नाही. या आजारात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते. आणि जिला शिकलेली दुसरी भाषाच नाही, तिला तर सगळा गाव मुका होतो.

ब्यूरोमार्फत आम्ही आईसाठी एक मुलगी ठेवली. झारखंडची, तेवीस-चोवीस वर्षांची. तिला मराठी नाही, आईला हिंदी नाही. सकाळी नऊला आंघोळ, हे मी ठरवलेलं. फौजेत नऊ म्हणजे नऊ. आमची सौभाग्यवती आणि ती मुलगी, दोघी मिळून आईला धरून न्हाणीघरात न्यायच्या, मी दाराबाहेर उभा राहून सूचना द्यायचो. आतून आईचा आवाज, “नगं! नगं!” एकदा तिनं त्या मुलीच्या मनगटाला चावा घेतला, रक्त आलं.

काही दिवसांनी ती मुलगी बाहेर येऊन मला म्हणाली, “साहब, दादी ठीक बोल रही हैं. बोल रही हैं, नंगा मत करो.”

मला हसू आलं. मी तिला समजावून सांगितलं की ‘नगं’ म्हणजे ‘नहीं चाहिए’. तिनं ऐकून घेतलं आणि आपलंच केलं. दुसऱ्या दिवशी आईभोवती एक जुनी चादर गुंडाळली, चादरीवरूनच कोमट पाण्याचा पहिला तांब्या पायांवर ओतला, मग हळूहळू वर. आई गप्प राहिली. चौथ्या दिवशी तिनं तांब्या स्वतःच्या हातात घेतला.

शब्दाचा अर्थ मला येत होता. आईचं म्हणणं कळलं त्या मुलीला. उभ्या आयुष्यात जिनं परक्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिला आम्ही रोज सकाळी दिव्याच्या उजेडात उघडं करत होतो, आणि ती विरोध करते त्याला ‘आजारामुळे आलेला आक्रमकपणा’ म्हणत होतो. मी ते डॉक्टरांना तसंच सांगितलंही होतं. त्यावर झोपेची गोळी वाढली होती. ब्रिटनमधले टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलंय, की या लोकांची अवस्था निव्वळ मेंदूच्या ऱ्हासानं ठरत नाही, आजूबाजूचे त्यांना कसं वागवतात त्यानंही ठरते. मला ते पुस्तक नंतर मिळालं. चादर आधी मिळाली.

आमच्या सिग्नल्समध्ये एक साधी गोष्ट शिकवतात. वायरलेसवर आवाज तुटक आला, खरखर आली, म्हणून पलीकडे कोणी नाही असं धरायचं नसतं. पुन्हा विचारायचं, हळू विचारायचं. तीस वर्षं मी हे शिकवलं. घरात विसरलो.

त्या रात्री मी एक वही सुरू केली. तीन रकाने. आई कशाला नगं म्हणाली, आम्ही काय केलं, आणि कोणासाठी केलं. पहिले दोन भरायला सोपे. तिसऱ्यापाशी पेन थांबायचं. काही नोंदी वाचून दाखवतो. ‘स्वेटर. घातला. तिच्यासाठी.’ दिल्लीतला जानेवारी होता, त्यात वाद नाही. ‘दुपारी खोलीत जायला नगं. नेलं. पाहुणे येणार होते, आमच्यासाठी.’ ‘केस कापायला नगं. कापले. निगा सोपी म्हणून, आमच्यासाठी.’ ‘गोळी नगं. खिरीत कुस्करून दिली.’ इथे तिसऱ्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह आहे.

पहिल्या महिन्यात एकसष्ट नोंदी झाल्या. त्यातल्या अडतीस ठिकाणी मी प्रामाणिकपणे ‘आमच्यासाठी’ लिहिलं. हे चूकच, असं मी म्हणत नाही. घरातल्यांनाही झोप लागते, पाठ असते, जेवायचं असतं. पण आपल्या सोयीला ‘तिच्या भल्यासाठी’ असं नाव द्यायचं थांबलं. खिरीतल्या गोळीचंही मग डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, यातली एक गोळी कुस्करायचीच नसते, आणि दोन आता बंद केल्या तरी चालतील. सातांच्या चार झाल्या. आईच्या ‘नगं’नं काम केलं ते असं. कुणालाही चोरून औषध देण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि घरात निदान एकाला माहीत असू द्या.

दुसरी चूक खरं बोलण्याची. आई विचारायची, “अण्णा कुठं गेलं?” मी म्हणायचो, “आई, अण्णा गेले. तीन वर्षं झाली.” अधिकारी माणूस, खोटं कसं बोलणार? ती ते दरवेळी पहिल्यांदाच ऐकायची. पदर तोंडात धरून बसायची. तासाभरात विसरायची आणि पुन्हा विचारायची. एका रात्री बायको म्हणाली, “अहो, तुम्ही त्यांना दिवसातून चारदा विधवा करताय.”

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. “अण्णा रानात गेलेत, येतील.” ती संध्याकाळपर्यंत दारात वाट बघत बसायची. तेही बरं दिसेना. शेवटी जमलं ते असं. तिनं विचारलं की आपण विचारायचं, “अण्णांची आठवण येतीय व्हय? काय करायचं अण्णा या वेळेला?” मग ती सांगायची. बैल, मोट, अण्णांची सुट्टी संपून पलटणीत परत जायची वेळ. तिला वेळ नको होती, दिनांक नको होता. तिला अण्णांबद्दल बोलायचं होतं. खोटंही पडलं नाही आणि घावही बसला नाही. हे मात्र सुचायला आठ महिने लागले.

आता जरा अवघड गोष्ट. आमच्याकडे सेक्टर सातमध्ये एक टेकडी आहे, तिच्यावर दाक्षिणात्य पद्धतीचं मोठं देऊळ आहे. दिल्लीकर त्याला मलाई मंदिर म्हणतात. दुधाच्या सायीशी त्याचा काही संबंध नाही, तमीळमध्ये ‘मलै’ म्हणजे डोंगर. आईनं लांबून ते शिखर पाहिलं आणि हात जोडले. “यमाईचा डोंगर.” औंधची यमाई आमची कुलदेवता, तीही डोंगरावर. त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा हट्ट, यमाईला जायचं. एकदा ती एकटीच निघाली आणि रस्त्याच्या मधोमध सापडली. त्या दिवशी मी दाराला वरून कडी लावली. वहीत ती नोंद आहे. ‘बाहेर जायचं. कडी लावली.’ तिसऱ्या रकान्यात ‘तिच्यासाठी’ लिहून मी खाली पुरवणी जोडली, ‘पण रोज संध्याकाळी बाहेर न्यायचं, तरच.’ कडी लावणाऱ्यानं ती उघडायची वेळही बांधून घेतली पाहिजे.

तर न्यायचं कुठे? ती म्हणते त्या डोंगरावर. अडचण अशी, की ते देऊळ स्वामीनाथाचं, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीचं. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी घ्यायचं नाही अशी समजूत आहे, कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला कृत्तिकांचा योग असेल तेवढाच अपवाद. मी ही समजूत मानत नाही, तमीळ बायका तर रांगा लावून दर्शन घेतात. पण आई मानायची. मी पाचवीत असताना पुण्याला पर्वतीवर गेलो होतो, तिथल्या कार्तिकेयाच्या देवळाकडे पाठ करून ती उभी राहिली होती, ते मला अजून दिसतं.

म्हणजे आजची आई आनंदानं वर जायला निघालीय, आणि पर्वतीवरची आई नगं म्हणतेय. ऐकायचं कोणाचं? हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ मध्ये लिहिलं, की माणसानं शुद्धीत असताना ज्या मूल्यांवर आयुष्य उभं केलं, ती नंतरही पाळली पाहिजेत. रेबेका ड्रेसर यांनी त्यांना उत्तर दिलं, की समोर जो माणूस आहे त्याचं आजचं सुखदुःख जुन्या इच्छेखाली दाबता येणार नाही. दोघेही विद्वान, आणि दोघांचंही पटतं. पण मला संध्याकाळी सहा वाजता चप्पल घालून उभ्या असलेल्या आईला काहीतरी सांगायचं होतं.

त्याच आवारात सुंदरेश्वर आणि मीनाक्षी यांचीही मंदिरं आहेत. मी आईला मीनाक्षीपुढे नेऊन बसवलं. म्हटलं, “आई, देवी.” तिनं नीट पाहिलं, हात जोडले, आणि म्हणाली, “साज येगळाच चढीवलाय.” मी यमाई म्हणालो नाही, मीनाक्षीही म्हणालो नाही. वरच्या पायऱ्या आम्ही कधी चढलो नाही. दोन्ही आयांचा मान राहील अशी जागा दरवेळी सापडेलच असं नाही. पण शोधायच्या आधीच ‘तिला काय कळतंय’ म्हणू नये.

मग यानंतरचा प्रश्न. हे सगळं ठरवायचं कोणी? मी थोरला म्हणून मी? जवळ आहे म्हणून? पेन्शनचा खर्च कोण करतं त्यावर?

इथे मला जॉर्ज फर्नांडिस आठवतात. मुंबईत टॅक्सीवाल्यांची, महापालिका कामगारांची संघटना बांधणारा, १९६७ मध्ये स. का. पाटलांना हरवणारा, १९७४ चा रेल्वे संप उभा करणारा माणूस. आमच्या पिढीच्या फौजींना ते संरक्षणमंत्री म्हणून आठवतात, सियाचिनला पुन्हा पुन्हा येणारे. त्यांना अल्झायमर झाला. २०१० मध्ये याच दिल्लीत, त्यांनी कुठे आणि कोणाबरोबर राहायचं, त्यांना कोणी भेटायचं, यावरून पत्नी लैला कबीर एका बाजूला आणि भाऊ व दीर्घकाळच्या सहकारी जया जेटली दुसऱ्या बाजूला, असा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ते पत्नीकडे राहिले, भावांना भेटीची मुभा मिळाली. जया जेटलींना ठरावीक दिवसांनी भेटता यावं यासाठी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. २९ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

कोण बरोबर होतं, हे सांगायचा मला अधिकार नाही. दोन्ही बाजूंना त्यांच्याबद्दल माया होती, असंच मी धरतो. त्या बातम्या वाचताना मी एकच गोष्ट शोधत होतो, की जॉर्ज स्वतः काय म्हणतात. ज्यांच्या एका हाकेवर आगगाड्या थांबल्या, त्यांच्याबद्दल सगळे बोलत होते आणि त्यांचं एक वाक्य माझ्या वाचनात आलं नाही. प्रेम सगळ्यांचं असतं. म्हणूनच ठरवण्याचा अधिकार प्रेमाच्या मापानं वाटता येत नाही. तो माणूस शुद्धीत असताना त्यानंच तो कोणाला तरी सोपवून ठेवावा लागतो.

आमच्या घरी न्यायालय आलं नाही, पण वाद आला. २०१९ मध्ये गावाकडची रस्त्यालगतची जमीन विकायची बोलणी सुरू झाली. जमीन आईच्या नावावर. २०१६ मध्ये तिनं मला कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं. भाऊ म्हणाला, “दादा, तुझ्याकडं कागद हाय, वापर. न्हाईतर आईचा अंगठा घेऊन ये.” खरं सांगतो, मोह झाला. पैशांची गरज मलाही होती.

ओळखीच्या वकिलानं सांगितलं ते तुम्हीही ऐकून ठेवा, कारण बऱ्याच घरांत हे माहीत नसतं. आपण करतो ते साधं मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे तोवरच चालतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ती शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते. नेमकी जेव्हा गरज लागते तेव्हाच कागद निकामी होतो. पुढे काही करायचं तर उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो. लोक म्हणतात, कोण विचारतंय? पण डॉक्टरांचे निदानाचे कागद माझ्याच कपाटात होते. आणि शुद्धीत असताना आई म्हणाली होती, “रान इकायचं न्हाई. अण्णांचा घाम हाय त्यात.”

त्याच अंगठ्याची दुसरी गोष्ट. दर नोव्हेंबरला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागायचा. बोटांचे ठसे पुसट, यंत्र चालेना, आणि आई हात मागे ओढून नगं म्हणायची. तेव्हा आम्ही तिचा हात धरून ठसा घेतला. वहीत लिहिलं, ‘तिच्यासाठी.’ पुढे चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली आणि ती झटापट संपली. अंगठा तोच, हात धरणारा मीच. फरक एवढाच की एका ठशाचा पैसा तिच्या औषधाला जाणार होता आणि दुसऱ्याचा आम्हा भावांच्या खात्यात. मी भावाला नाही म्हणालो. तेव्हापासून आमचं बोलणं दिवाळीपुरतं राहिलंय.

आता वही लिहिणारा हा माणूस फार शहाणा वाटत असेल, तर एक सांगायचं राहिलं. एकदा मी बायकोला कौतुकानं महिन्याचा हिशेब वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, “तुम्ही वही लिहिता, मी चादरी बदलते.” आणि आत निघून गेली. आमच्या घरांत निर्णय मुलगा घेतो आणि तो निभावते सून. तिला ‘नगं’ म्हणायची सोय नसते, कारण लोक काय म्हणतील. आणि त्या झारखंडच्या मुलीला तर मुळीच नसते. बारा तास ड्यूटी, सुट्टी नाही, मार खायचा, वर चोरीचा आळ. आईनं एकदा तिच्यावर पाटल्यांचा आळ घेतला, तेव्हा मी आधी तिची पिशवी तपासली. पाटल्या उशीच्या अभ्र्यात निघाल्या. मी माफी मागितली. ती म्हणाली, “कोई बात नहीं.” ती बात होती. २०२० च्या टाळेबंदीत ती तीन महिने घरी न जाता आमच्याकडे राहिली. त्यानंतर आठवड्याची एक पूर्ण सुट्टी, त्या दिवशीची सगळी कामं माझी, असा घरात हुकूम निघाला. हुकूम बायकोनं काढला. पहिल्या रविवारी डायपर उलटा लावला, पण शिकलो.

शेवट सांगतो. २०२२ च्या पावसाळ्यात आई गिळेनाशी झाली. ताप आला, रुग्णालयात नेलं. नाकातून अन्ननळी घालायची म्हणाले, मी सही केली. रात्री तिनं नळी ओढून काढली. पुन्हा घातली. सकाळी गेलो तर तिचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला बँडेजनं बांधलेले. शब्द आता राहिला नव्हता. पण नळी ओढून काढणं हे ‘नगं’ नसेल तर दुसरं काय होतं? आणि ते हात माझ्या सहीनं बांधले गेले होते.

मी दोन डॉक्टरांना विचारलं, वाचलं. वृद्धवैद्यकातले जाणकार सांगतात, की डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, छातीत अन्न जाण्याचा धोकाही तिनं टळत नाही. त्यापेक्षा जपून, थोडं थोडं, हातानं भरवावं. प्रत्येक रुग्णाचं वेगळं असतं, तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. आम्ही नळी काढून तिला घरी आणलं. भाताची पेज, चमच्याच्या टोकानं. तोंड उघडलं तर द्यायची, फिरवलं तर थांबायचं. घाई कोणालाच नव्हती. कधी चार चमचे, कधी एकही नाही. एकोणीस दिवसांनी ती गेली. भाऊ दहाव्याला सगळ्यांसमोर म्हणाला, “दादानं आईला उपाशी ठेवलं.” मी उत्तर दिलं नाही. ती वही त्याला द्यायची आहे, अजून धीर झालेला नाही.

वहीतली शेवटची नोंद अशी आहे, ‘नळी नगं. काढली. तिच्यासाठी.’ त्यापुढे नंतर कधीतरी मी प्रश्नचिन्ह काढलंय. ते खोडलेलं नाही. अशा निर्णयात पूर्ण खात्री असणाऱ्या माणसाची मला आता भीती वाटते.

तुमच्याकडून मला एवढंच हवंय. आज शुद्धीत आहात तोवर तुमचं ‘नको’ लिहून ठेवा. कुठे राहायचं, कोणत्या भाषेत कोणी बोलावं, नळी हवी का, जमिनीचं काय. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आगाऊ सूचना लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. आयुष्याच्या शेवटच्या उपचारांबद्दलची इच्छा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार लिहून ठेवता येते, आणि २०२३ पासून ती नोटरीसमोर करता येते. मी आणि बायकोनं दोघांनी ती केलीय. मुलांना समोर बसवून वाचून दाखवली. मुलगी रडली, मुलगा चिडला, मग दोघंही जेवायला बसली.

आणि ज्यांच्या घरी आज कोणी ‘नगं’ म्हणतंय, त्यांनी एक वही आणा. दहा रुपयांची पुरते.

जय हिंद.